झायलीनने धुऊन नेलेली चरबी

जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवताना एक गोष्ट हटकून अनुभवास येते: शस्त्रक्रियेत काढलेला अवयव तपासणीसाठी बहुधा रुग्णाचे नातेवाईकच घेऊन येतात. मे महिन्यातल्या एका दुपारी चोपड्याकडचे साठीतले एक शेतकरी आप्पा असेच बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची बरणी आणि बरणीत त्यांच्या धाकट्या भावाच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग. बरणी तोंडाला अरुंद होती, तुकडा त्यात अक्षरशः कोंबला होता आणि ऊती टिकवणारे फॉर्मॅलिन जेमतेम दोन बोटे होते. नियमाने ते तुकड्याच्या दहापट तरी असायला हवे, कारण फॉर्मॅलिन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर याच गतीने मुरते आणि आतड्याभोवती चरबीचा जाड थर असला तर त्याहून रेंगाळते. बरणी भरून देणाऱ्या रुग्णालयाला मी फोन केला आणि दर वेळी मिळते तेच उत्तर ऐकले. दरम्यान आप्पा उठून खिडकीपाशी आले आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "तेलमुये व्हयनं का हाई, डॉक्टर?"

हे तेलामुळे झाले का, हा प्रश्न मी खानदेशात इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर माझ्या तोंडी ठरून गेले होते: "तसं थेट काही नाही, आप्पा." हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आतड्याच्या कर्करोगाचा तेलाशी, म्हणजे व्यापक अर्थाने मेदाशी, फार जवळचा संबंध आहे. फक्त तो तर्रीच्या वाटीतून येत नाही.

बरणी उघडल्यावर पहिल्यांदा हाताला लागते ती चरबीच. मोठ्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात ती पिवळीजर्द असते, फॉर्मॅलिनमध्ये राहिली की फिकी आणि किंचित घट्ट होते. काढलेला अवयव हाताने चाचपून, चिरून पाहण्याच्या ज्या कामाला आमच्या भाषेत ग्रॉसिंग म्हणतात त्याचा निम्मा वेळ या चरबीत बोटे फिरवण्यातच जातो, कारण लसिका ग्रंथी तिच्यात दडलेल्या असतात. रोगाची अवस्था भरवशाने ठरवायची तर निदान १२ ग्रंथी तपासल्या पाहिजेत, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. काही ग्रंथी तुरीच्या दाण्याएवढ्या, काही ज्वारीच्या. चिमटीत चरबी दाबत गेले की तिचा मऊपणा अचानक कुठेतरी अडतो, तिथे चाकू लावायचा. माझ्याकडच्या तंत्रज्ञ भाऊंचा हात या कामात इतका बसला आहे, की मला नऊ सापडल्या तर ते उरलेल्या चरबीतून आणखी पाच काढून देतात. अहवालातली जी श्रेणी आम्ही टी-३ म्हणून लिहितो तिचा अर्थही चरबीशीच बांधलेला आहे: गाठ आतड्याच्या स्नायूंचा थर ओलांडून भोवतीच्या चरबीत उतरली आहे.

ही झाली डोळ्यांना दिसणारी चरबी. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या चरबीविषयी, जी कर्कपेशीच्या पोटात असते आणि आम्हा पॅथॉलॉजिस्टना रोजच्या कामात कधीच दिसत नाही. न दिसण्याचे कारण आमच्याच पद्धतीत आहे. ऊतीचा तुकडा आधी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, मग झायलीनमधून आणि शेवटी सुमारे ६० अंशांवर वितळलेल्या मेणात मुरतो, तेव्हा कुठे त्याचा ब्लॉक होतो आणि त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. अल्कोहोल पाणी काढून घेते, झायलीन अल्कोहोलला हुसकावते, आणि या दोघांच्या हातून पेशीतला मेद जवळजवळ सगळा विरघळून जातो. म्हणून स्लाइडवर चरबीच्या पेशी पांढऱ्या रिकाम्या कड्यांसारख्या दिसतात, आणि कर्कपेशीत तेलाचे थेंब असले तर त्यांच्या जागी बारीक भोके, तीही दिसलीच तर. पेशींचे आकार, केंद्रके, आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींची (या लसिका ग्रंथी नव्हेत) मोडतोड यांवरून आम्ही निदान करतो आणि ते अचूक असते. मात्र त्या पेशींचे तेल स्लाइड बनण्याआधीच झायलीनच्या बाटलीत गेलेले असते.

याच ठिकाणी नवशिक्याची एक फसगत होते. आतड्याच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार असतो, ज्यात पेशीचे केंद्रक एका कडेला ढकलले जाऊन तिला खड्याच्या अंगठीचे रूप येते. चरबीची पेशीही नेमकी अशीच दिसते. फरक इतकाच, की अंगठीसारख्या कर्कपेशीत चरबी नसून श्लेष्म असतो, जो झायलीनमध्ये विरघळत नाही आणि पीएएससारख्या रंगद्रव्याने गडद किरमिजी होतो. भारतीय रुग्णांत, विशेषतः तरुण वयाच्या रुग्णांत, हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो, त्यामुळे ही खबरदारी आम्हाला नेहमी घ्यावी लागते.

पेशीतले तेल मी प्रत्यक्ष पाहिले ते पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात. शस्त्रक्रियागृहातून ताजा आलेला गाठीचा तुकडा, अल्कोहोलचा स्पर्शही होऊ न देता, उणे २० अंशांच्या आसपासच्या क्रायोस्टॅटमध्ये गोठवून आम्ही त्याचे काप घेतले आणि त्यांना ऑइल रेड ओ हा रंग दिला. हा रंग मेदातच विरघळतो, म्हणून तेल असेल तिथे तो जाऊन बसतो. शेवटचे आच्छादनही नेहमीच्या माध्यमाचे चालत नाही, ग्लिसरीन जेलीचे लागते, नाहीतर रंगलेले थेंब पुन्हा वाहून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला गाठीलगतची निरोगी अंतस्त्वचा होती, जिच्यात लाल ठिपके क्वचितच होते. दुसऱ्या बाजूला, जेमतेम बोटभर अंतरावर, वेड्यावाकड्या ग्रंथींच्या पेशी लाल थेंबांनी भरल्या होत्या, जणू कोणी कुंकवाचे बोट झटकले असावे. सगळ्याच गाठींत इतके थेंब असतात असे नाही, आणि एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही फरक असतो. पण ती स्लाइड पाहिल्यापासून रोजच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडकडे पाहताना काहीतरी गाळून ठेवलेले वाचतो आहोत, असे मला वाटत आले आहे.

हे तेल येते कुठून? आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रौढ पेशी मेद स्वतः तयार करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. रक्तातून, म्हणजे शेवटी जेवणातून आणि यकृताकडून येणाऱ्या मेदाम्लांवर त्या भागवतात. नवा मेद घडवण्याचे काम मुख्यतः यकृत, चरबीच्या पेशी आणि दूध येत असलेले स्तन यांच्याकडे असते. कर्कपेशी हा रिवाज मोडते. ग्रेस मेडिस, ॲलिस थॉमस आणि सिडनी वाइनहाउस यांनी १९५३ साली गाठींच्या ताज्या कापांना किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले ग्लुकोज आणि ॲसिटेट देऊन पाहिले, तेव्हा ती खूण त्या कापांतल्या मेदात उतरली. गाठ स्वतःच मेद रचते, हे त्यातून दिसले. पुढे हा धागा बराच काळ बाजूला पडून राहिला. स्तनाच्या कर्करोगात वाईट भवितव्य सुचवणारे एक प्रथिन बाल्टिमोरच्या फ्रान्सिस कुहायडा आणि सहकाऱ्यांच्या हाती लागले होते. ते म्हणजे मेदाम्ले बनवणारे विकर (एन्झाइम), फॅटी ॲसिड सिन्थेज हेच, असे त्यांनी १९९४ साली ओळखले आणि विषयाला पुन्हा उजाळा मिळाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही हे विकर वाढलेले असते. इतकेच नव्हे, तर कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर असलेल्या ॲडिनोमा जातीच्या पॉलिपमध्येच ते वाढू लागते.

या सिन्थेजचे काम पाहण्यासारखे आहे. कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखे ओढते, ही ओटो वार्बुर्ग यांनी १९२०च्या दशकात केलेली नोंद वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि पेट स्कॅन तिच्याच आधारावर चालतो. या ग्लुकोजचा काही भाग पेशीच्या ऊर्जाघरात सायट्रेटच्या रूपापर्यंत जातो, पण तिथे जाळला न जाता बाहेर काढला जातो. बाहेर एक विकर त्याचे तुकडे करून दोन कार्बनांचे ॲसिटाइल-कोएन्झाइम ए बनवते, दुसरे त्यातल्या काहींना आणखी एक कार्बन जोडून मॅलोनिल-कोएन्झाइम ए करते, आणि मग सिन्थेज ओवीवर ओवी रचावी तशी दोन-दोन कार्बनांची जोड सात वेळा देत १६ कार्बनांचे पामिटिक आम्ल तयार करते. एका पामिटिक आम्लामागे पेशीच्या ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे ७ आणि रचनेच्या कामी लागणाऱ्या एनएडीपीएचचे १४ रेणू खर्ची पडतात. रक्तात आयती मेदाम्ले फिरत असताना इतका खर्च करून घरचे तेल का गाळावे, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. विभागणाऱ्या पेशीला दर खेपेस दुप्पट आवरण लागते आणि आवरण मुख्यतः मेदाचेच असते, हे उत्तराचे पहिले अंग. दुसरे असे, की कोणत्या जातीचा मेद किती हवा, यावर घरी घडवणाऱ्याचा ताबा राहतो.

जातीचा मुद्दा खानदेशी माणसाला समजावणे सोपे आहे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडचा पारा खाली गेला, की न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते. स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते. खोबरेलातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, सरळ काड्यांसारखी, एकमेकांना चिकटून बसणारी. शेंगदाणा तेलातल्या ओलेइक आम्लाच्या साखळीत एक दुहेरी बंध आणि त्या जागी बाक, त्यामुळे काड्या नीट रचल्या जात नाहीत. अमळनेरला १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने जो कारखाना सुरू झाला, आणि ज्याचे पुढे विप्रो झाले, तिथे वनस्पती तूप बनत असे. वनस्पतीचे तंत्र म्हणजे तेलात हायड्रोजन सोडून हे दुहेरी बंध भरून टाकायचे, की तेल घट्ट होते. कर्कपेशी याच्या नेमके उलट काम करते. सिन्थेजने दिलेले पामिटिक आम्ल आणि त्यापासून लांबवलेले स्टिअरिक आम्ल संपृक्त असते. ते साचत गेले तर आवरण ताठरते आणि पेशी मरणपंथाला लागते. म्हणून डिसॅच्युरेज नावाचे विकर नवव्या कार्बनाशी दुहेरी बंध घालून स्टिअरिकचे ओलेइक आम्ल करते. आतड्याच्या अनेक गाठींत हेही विकर वाढलेले आढळते, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींत ते अडवले तर त्या आपल्याच संपृक्त मेदाने कोंडतात. अमळनेरचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना देतो तेव्हा रसायनशास्त्राला नाक मुरडणारेही मान वर करतात.

ऑइल रेड ओने रंगलेले ते लाल थेंब म्हणजे निव्वळ साठवणीचे रांजण, असे पूर्वी मानले जाई. आतड्याच्या कर्कपेशींच्या बाबतीत ते तेवढ्यावर थांबत नाही. या थेंबांत ॲराकिडॉनिक आम्ल असते, आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवणारे कॉक्स-२ हे विकर थेंबांपाशीच आढळल्याचे आतड्याच्या कर्कपेशींवरील अभ्यासांतून दिसले आहे. प्रोस्टाग्लँडिन ई-२ पेशींना वाढीला चिथावते, मरण टाळायला मदत करते आणि प्रतिकारक पेशींना थोपवते. ॲस्पिरिन आणि आतड्याचा कर्करोग यांचे नाते इथे जुळते, निदान त्याचा एक भाग. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाच्या रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलेल्या कॅप-२ चाचणीत काही वर्षांनंतर आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. उत्तर युरोपातल्या देशांत झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ काढलेल्या आणि पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या पीआय-३-के साखळीच्या जनुकांत बदल असलेल्या रुग्णांना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. हे वाचून कोणी उद्यापासून गोळी सुरू करू नये; ॲस्पिरिन जठरातून रक्तस्रावही घडवते, आणि कोणाला द्यायची हे डॉक्टरने गाठीचा जनुकीय अहवाल पाहून ठरवायचे असते.

आता निरोगी आतड्याकडे वळतो, कारण मेदाची कथा तिथे पूर्ण उलटी आहे आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. मोठ्या आतड्याची अंतस्त्वचा आपली बहुतेक ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाही. न पचलेला चोथा जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचे चार कार्बनांचे चिमुकले मेदाम्ल तयार होते आणि पेशी ते जाळतात; या पेशींच्या प्राणवायूच्या वापरापैकी सुमारे ७० टक्के वाटा ब्युटिरेटचा असल्याचे रोडिगर यांनी १९८० साली दाखवले. कर्कपेशी मात्र ग्लुकोजवर गेलेली असते. ब्युटिरेट तिच्यात शिरते पण नीट जळत नाही, साचते, केंद्रकापर्यंत पोहोचते आणि तिथे जनुकांच्या चाव्या फिरवून तिची वाढ रोखते. एकच पदार्थ शेजारच्या दोन पेशींत एकीला अन्न आणि दुसरीला लगाम ठरतो.

ब्युटिरेटसाठी जिवाणूंना जे खाद्य लागते त्यात न पचणारा स्टार्च मोडतो, आणि तो कच्च्या केळ्यात भरपूर असतो. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हे सांगितले की त्याचा चेहरा खुलतो, मग मला पुढचेही सांगावे लागते. कॅप-२ चाचणीच्याच एका गटाला रोज ३० ग्रॅम असा स्टार्च दिला होता, आणि आतड्याच्या कर्करोगावर त्याचा परिणाम दिसला नाही. २०२२ साली आलेल्या दीर्घ पाठपुराव्यात इतर काही कर्करोग, विशेषतः पचनमार्गाच्या वरच्या भागातले, कमी आढळले. लिंच सिंड्रोम हा विशिष्ट आनुवंशिक गट आहे, त्यामुळे हा निष्कर्ष सगळ्यांना लागू होईलच असे नाही, पण केळ्याच्या घडाला औषधाची पाटी लावण्याचा मोह मी तरी आवरतो. चोथा असलेले अन्न आतड्याला हितकारक असल्याचे इतर पुरावे पुरेसे आहेत, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी त्या कसोटीला सहज उतरते.

मग आप्पांच्या तेलाचे काय? आपण खाल्लेल्या मेदापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास लहान आतड्यातच शोषला जातो. शेवभाजीची तर्री मोठ्या आतड्याच्या भिंतीला जाऊन चोपडत नाही. पोहोचते ते वेगळेच. तेलकट जेवणासाठी यकृत पित्ताम्ले सोडते, ती बहुतांशी लहान आतड्याच्या टोकाशी परत घेतली जातात, आणि जी थोडी निसटतात त्यांचे जिवाणू डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या पदार्थांत रूपांतर करतात, जे अंतस्त्वचेला चुरचुरणारे असतात. स्थूलपणा, दारू, आणि कारखान्यात टिकवलेले मांस यांचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध पुरेसा प्रस्थापित आहे. जेवणातल्या तेलाचा तसा नाही, ते खाऊन पोट सुटले तर स्थूलपणाच्या वाटेने काय तो येतो. शिवाय रोज दोन चमचे तेल कमी केल्याने आधीच झालेली गाठ उपाशी मरत नाही, कारण ती साखरेपासून स्वतःचा मेद घडवू शकते, आणि जिथे ती चरबीत घुसलेली असते तिथे शेजारच्या चरबीच्या पेशींकडूनही मेदाम्ले काढून घेते. टी-३ गाठीच्या कडेला चरबीच्या पेशी आक्रसलेल्या, आणि त्यांच्यामधून तंतुमय ऊती वाढलेली दिसते. ते दृश्य आमच्या साध्या स्लाइडवरही दिसते, फक्त त्याचा असा अर्थ लावायला आम्ही उशिरा शिकलो.

औषधांची बाजू अजून अर्धवट आहे. वजन घटवण्यासाठी दिले जाणारे ऑर्लिस्टॅट सिन्थेजला अडवते, पण ते पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही. सिन्थेजला लक्ष्य करणारी नवी औषधे माणसांवरील चाचण्यांत आहेत. अडचण अशी, की सिन्थेज बंद केले तर पेशी बाहेरचा मेद ओढते आणि बाहेरचा तोडला तर सिन्थेज वाढवते.

आप्पांच्या भावाच्या तुकड्यात शेवटी १४ ग्रंथी मिळाल्या, त्यांतल्या एकीत रोग होता, आणि गाठ टी-३ होती. अहवाल न्यायला आप्पा आले तेव्हा बोलण्यातून कळले, की रोगाचा संशय आल्या दिवसापासून घरच्यांनी त्या भावाचे तेल, तूप, शेंगदाणे, सगळे बंद केले होते. उकडलेल्या भाज्या आणि भाताची पेज यांवर दोन महिन्यांत त्याचे वजन नऊ किलो उतरले होते. कर्करोगात शरीर तसेच झिजत असते, त्यात ही भर. मी त्यांना खुर्चीवर बसवले, आणि वर जे लिहिले आहे त्यातले जेवढे तोंडी सांगता येईल तेवढे सांगितले. खोबरेलाची बाटली त्यांना लगेच पटली. केमोथेरपीआधी अंगात ताकद हवी, सर्जन साहेबांना विचारून तेल-तूप सुरू करा, असे अहवालाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. भाऊ बामणोदच्या वांग्यांचे भरीत मागतो आहे, मिरची कमी घालू, पण फोडणीला तेल किती घालायचे, असे ते विचारत होते. वहिनी नेहमी घालतात तेवढे, असे मी सांगितले.